सिग्नलला थांबलं की गाडीचा हीटर गार पडतो. काय बघू?

बर्फातला_बंड्या | १२ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, तातडीची मदत हवी आहे.

मुक्काम सेंट पॉल, मिनेसोटा. आज बाहेर उणे २२ आहे. इथले लोक फॅरनहाइटमध्ये उणे ८ म्हणतात. ऐकायला जरा बरं वाटतं, गारठा तेवढाच. गाडी अकरा वर्षं जुनी जपानी सेडान, पेट्रोल, १८०० सीसी. सप्टेंबरमध्ये भारतात परत निघालेल्या एका विद्यार्थ्याकडून घेतली. तेव्हा एसी नीट तपासला, हीटर बघायचं डोक्यातच आलं नाही.

लक्षण असं. गाडी पळत असली की हीटर झकास. सिग्नलला थांबलो की अर्ध्या मिनिटात गार वारा. न्यूट्रलला टाकून रेस दिली की परत गरम. काल बायकोचं वड्यांच्या पाकाचं थर्मामीटर गुपचूप नेऊन डॅशबोर्डच्या झरोक्यात धरलं. फ्रीवेवर ५४ अंश, लाल सिग्नलला १५.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने बोनेटसुद्धा न उघडता निकाल दिला: हीटर कोअर (डॅशबोर्डमागची, गरम पाण्यावर हवा तापवणारी जाळी) गेला, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, १४०० डॉलर. गाडीच मी ३८०० ला घेतलीय हो. परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळीस मैलांवर जायचंय. साडीवर पार्का चढवायला बायको तयार आहे, तोंडावर गार वारा घ्यायला नाही.

पुणेरी_टोपण | १२ जानेवारी, रात्री ९:५८

आमच्याकडे हीटर फक्त बाथरूममध्ये असतो आणि तो बिघडला तर आम्ही अंघोळ पुढे ढकलतो. मदत शून्य, पण खुर्ची टाकून बसलोय.

कॅलगरीकर | १२ जानेवारी, रात्री १०:१५

चालताना गरम आणि उभी असताना गार म्हणजे पहिला संशय कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं न गोठणारं पाणी, कमी असण्यावर. तुम्ही रेडिएटरशेजारची जास्तीच्या कूलंटची बाटली बघितली असेल आणि ती भरलेली दिसली असेल. बाटलीवर जाऊ नका. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं टोपण काढा आणि आत बोट घाला. ओलं झालं नाही तर समजा सापडलं.

गरम इंजिनावर मात्र टोपणाला हात लावायचा नाही. दाबाखाली असल्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि टोपण सैल झालं की त्याच क्षणी उसळून बाहेर येतं. माझ्या एका मित्राच्या हनुवटीवर त्याची खूण आहे.

उलटं असतं, म्हणजे उभी असताना ठीक आणि हायवेवर गार, तर मी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) उघडाच अडकला असं म्हटलं असतं. गार वारा रेडिएटरवर आदळत राहतो आणि इंजिन तापतच नाही. तुमचं तसं दिसत नाही, तेव्हा थर्मोस्टॅटवर इतक्यात पैसे घालू नका.

इचलकरंजीचा_मेस्त्री | १२ जानेवारी, रात्री १०:५०

दादा, एअर धरलाय त्यानं. आमच्याकडं हीटर कोण लावतंय, पण हेच दुखणं आमच्याकडं "गाडी गरम व्हायला लागलीय" म्हणून येतं. पाणी कमी झालं की एअर उंचावर जाऊन बसतो, आणि बऱ्याच गाड्यांत हीटरची कॉइलच (तुमचा तो कोअर) उंचावर असते.

डॅशबोर्ड खोलायला हो म्हणू नका अजून. गाडी चांगली गरम करा, हीटर फुल्ल ठेवा, आणि इंजिनाकडनं केबिनमध्ये शिरणारे दोन रबरी होज हातानं चाचपा. दोन्ही कडक तापलेले असले तर पाणी फिरतंय, घोळ आतल्या हवेच्या झडपेचा. एक गरम, दुसरा कोमट असला तर पाणी अडतंय. मग कुणाला तरी रेस द्यायला सांगा. रेसवर दुसराबी तापला तर कॉइल पुरती चोंदलेली नाही एवढं नक्की. दोन्ही कोमट असले तर इंजिनच तापत नाही. आणि बाह्या गुंडाळून ठेवा, पट्टा फिरत असतोय तिथं.

घातांक | १२ जानेवारी, रात्री ११:३०

मेस्त्रींशी सहमत. थांबल्यावरच का, हे कुणी विचारलं नाही म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

पाण्याचा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याचा वेग इंजिनाच्या वेगाला बांधलेला. अशा पंपाने तयार होणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. थांबलेल्या गाडीचं इंजिन मिनिटाला ७०० फेरे मारत असेल आणि चालताना २१०० मारत असेल, तर वेग तिप्पट पण दाब नऊपट. कोअरमध्ये अडकलेला बुडबुडा नऊपट दाबाला रेटला जातो, एकपट दाबाला हलत नाही. नळाला दाब कमी असला की तिसऱ्या मजल्याच्या टाकीत पाणी चढत नाही आणि तळमजल्यावरचा माणूस "आमच्याकडे येतंय की" म्हणतो, तसंच. इंजिन तळमजल्यावर आहे, म्हणून तुमचा तापमानाचा काटा जागेवर असणार. आहे ना?

याच कारणाने पंपाची पाती झिजली असली तरी लक्षण हुबेहूब हेच दिसतं. ते विसरू नका.

अवांतरप्रेमी | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

इलेक्ट्रिक घ्या. ना पंपाचा पट्टा, ना सिग्नलचा प्रश्न. उभी असतानाही हीटर तितकाच गरम.

कॅलगरीकर | १३ जानेवारी, सकाळी ७:२०

हो, आणि ती ऊब बॅटरीतून जाते. उणे तिशीत निघताना जेवढे किलोमीटर दिसतात तेवढे पोचताना भरत नाहीत. धागा हीटरचा आहे, त्यावरच राहू या.

बर्फातला_बंड्या | १३ जानेवारी, सकाळी ८:१०

बोट कोरडं!! बोट काय, बॅटरी मारून पाहिलं तरी आत पातळी दिसत नाही. पण बाटली बरोबर रेषेपर्यंत भरलेली आहे, म्हणूनच मी निर्धास्त होतो. हे कसं काय?

होज चाचपले. एक हात लावता येणार नाही इतका गरम, दुसरा अंगणातल्या उन्हात ठेवल्यासारखा. रेस दिली की दुसराही तापतो. काटा मधोमध, हलत नाही. १४०० डॉलरवाल्याला आज फोन करणार नाही.

आळशी_अण्णा | १३ जानेवारी, सकाळी ८:३५

तोवर सोपा उपाय. सकाळी गॅरेजचं दार बंद ठेवून गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवायची. निघताना सगळं गरमागरम.

मिशिगनची_मावशी | १३ जानेवारी, सकाळी ८:४१

अण्णा, हे काढून टाका. मी इमर्जन्सीमध्ये नर्स आहे. बंद गॅरेजात चालू गाडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आधी डोकं दुखतं आणि मग माणूस उठतच नाही. घराला चिकटून गॅरेज असेल तर दार उघडं ठेवूनही नको, वायू घरात शिरतो. बर्फात रुतलेल्या गाडीत बसून हीटर लावायचा असेल तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा. बंड्या, जे काय करायचं ते बाहेर ड्राइव्हवेवर कर. काकडलास तरी चालेल.

आणि कूलंट सांडलं तर लगेच पूस. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोडंसंही पोटात गेलं तर त्यांची मूत्रपिंडं जातात.

आळशी_अण्णा | १३ जानेवारी, सकाळी ८:५०

मावशी, चूक झाली. संपादन करता येत नाहीये, म्हणून इथेच लिहितो: माझं वरचं कुणी ऐकू नका.

निवृत्त_यांत्रिक | १३ जानेवारी, सकाळी ९:२५

एसटीत बत्तीस वर्षं काढली, शेवटची काही दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत. आमच्या गाड्यांना हीटर नव्हता. पुढच्या बाकावर, इंजिनाच्या बोनेटला टेकून बसणाऱ्याला तो फुकट मिळायचा. रेडिएटर मात्र हजारांनी पाहिले.

बंडोपंत, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, यातच उत्तर आहे. टोपणाला दोन झडपा असतात. इंजिन तापलं की पाणी फुगतं, एक झडप उघडून जास्तीचं पाणी बाटलीत जातं. गार झालं की आत ओढ निर्माण होते आणि दुसऱ्या झडपेतून तेच पाणी परत येतं. आता समजा कुठेतरी बारीक फट आहे. गरम असताना तिथून थेंब थेंब बाहेर जाणार. गार होताना इंजिन बाटलीतून पाणी ओढण्याऐवजी त्या फटीतून हवा ओढणार, कारण ते सोपं. म्हणजे पाणी जाण्याची आणि एअर येण्याची वाट एकच, आणि बाटली तशीच राहणार, मालकाला फसवायला.

फट टोपणाच्या रबरात असेल, बाटलीच्या नळीत असेल, होजच्या क्लॅम्पपाशी असेल, पंपात असेल. आज भरा, एअर काढा, हळदीकुंकवाला जाऊन या. पण भरणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. पाणी गेलं कुठे ते सापडेपर्यंत काम अर्धंच आहे.

भरताना नळाचं पाणी नको. त्यातले क्षार बसून कॉइल चोंदते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं. जास्त कूलंट म्हणजे जास्त संरक्षण असं समजू नका. निम्मं मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही, आणि नुसतं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) उणे १३ च्या आसपासच घट्ट होतं. रंग पाहूनही घेऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग निराळा. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच.

बर्फातला_बंड्या | १३ जानेवारी, सायंकाळी ६:३०

काका, साष्टांग नमस्कार. केलं सगळं, सविस्तर लिहितो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

आमचा ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरता आहे. गाडी घराकडे तोंड करून लावली म्हणजे नाक आपोआप वर. टोपणाच्या जागी घट्ट बसणारं मोठं नरसाळं लावलं (एअर काढायला खास मिळतं, २५ डॉलर). हीटर सर्वांत गरम, पंखा सर्वांत हळू. गार इंजिनात हळूहळू ओतत गेलो. सहा लिटरच्या गाडीत जवळजवळ १.६ लिटर मावलं! मग इंजिन चालू. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मेस्त्रींनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे वरचा होज हातमोजा घालून दाबत राहिलो आणि बुडूक, बुडूक. थर्मोस्टॅट उघडला तेव्हा वरचा होज एकदम तापला आणि नरसाळ्यातली पातळी खाली गेली, बाहेरून पाहताना म्हैस पाणी प्यायल्यासारखी. अधूनमधून २००० पर्यंत रेस. पुस्तकात रेडिएटरचा पंखा दोनदा लागेपर्यंत थांबा लिहिलंय, पण या थंडीत तो पंखा लागणं शक्यच नव्हतं. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत पाऊण तास गेला. कानाच्या पाळ्या आहेत की नाहीत हे आरशात बघितलं.

आता सिग्नलला ४७ अंश. थोडं सांडलं होतं, त्यावर शेजारणीकडून आणलेली मांजराच्या शीची माती टाकली. झकास शोषून घेते.

पुणेरी_टोपण | १३ जानेवारी, सायंकाळी ६:५५

अभिनंदन. धागा सत्कारणी लागला.

निवृत्त_यांत्रिक | १३ जानेवारी, रात्री ७:१०

१.६ लिटर गेलं कुठे?

लेहचा_पाहुणा | १५ जानेवारी, दुपारी १:१५

उशिरा वाचला, तरी थोडं लिहितो. कामानिमित्त तीन हिवाळे लेहला काढले. आमच्या डिझेल गाडीचा हीटर उभी असताना गार पडायचा, पण त्यात बिघाड कसलाच नव्हता. डिझेल इंजिन निवांत फिरत असताना इतकं कमी इंधन जाळतं की उणे वीसमध्ये केबिन तापवायला उष्णता उरतच नाही. उलट हीटर लावून उभं राहिलं की इंजिनच गार होत जातं. म्हणून काही डिझेल गाड्यांत हवेच्या वाटेवर वेगळी विजेची कॉइल देतात. ट्रकवाले रेडिएटरसमोर पुठ्ठा नाहीतर ताडपत्री लावतात आणि चढ लागला की उतरून काढतात. विसरले तर इंजिन उकळतं.

लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे उघड्या भांड्यात पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ ला उघडतो, म्हणजे टोपण दाब धरत नसेल तर काय होईल बघा. टोपण ही दहा-पंधरा डॉलरची वस्तू, तीच कुणी बदलत नाही.

बर्फातला_बंड्या | १९ जानेवारी, रात्री १०:०५

काका, तुमचं खरं झालं.

हळदीकुंकू उत्तम पार पडलं, जाता-येता गाडीत पार्का काढून बसलो. चार दिवस सुखाचे गेले. आज ऑफिसातून येताना स्नेलिंग अव्हेन्यूच्या सिग्नलला पुन्हा गार. पातळी बघितली, ४०० मिलि कमी. बाटली भरलेलीच. टोपण बदललं होतं लेहवाल्यांचं वाचून, तरीही. ड्राइव्हवेवर डाग नाही, गालिचा ओला नाही, काचेवर चिकट धुकं नाही, गोड वास नाही. म्हणजे हीटर कोअर तरी गळत नसावा.

शंकासूर | १९ जानेवारी, रात्री १०:२०

हेड गॅस्केट. विकून टाका.

इचलकरंजीचा_मेस्त्री | १९ जानेवारी, रात्री ११:०२

लगेच विका काय? हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलं असतं तर इंजिनात जळलेला वायू पाण्यात शिरतोय. त्याची निळ्या औषधाची तपासणी आहे. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरून आतली हवा त्या औषधातनं ओढायची. वायू असला तर निळं पिवळं होतंय. ते करा आणि मग रडा.

आणि कुणी "गळती बंद करणारी पावडर टाका" म्हणालं तर टाकू नका. ती फट शोधत नाही, जी बारीक वाट सापडेल ती बुजवते. सगळ्यांत बारीक वाटा हीटरच्या कॉइलमध्ये असतात. मग खरंच डॅशबोर्ड उतरवायची पाळी.

निवृत्त_यांत्रिक | २० जानेवारी, सकाळी ६:५०

मेस्त्री बरोबर बोलले. निळ्या तपासणीनंतर दाबाची तपासणी करा. टोपणाच्या जागी हातपंप बसतो, टोपणावर लिहिलेला दाब भरायचा आणि काटा बघत बसायचं. एक गोष्ट मात्र माझी ऐका. ही तपासणी गरम गाडीवर करू नका. पहाटे, गाडी रात्रभर गारठलेली असताना करा. रबर आणि सील थंडीत आखडतात. गरम असताना जी फट मिटते ती गार असताना बोलते. आमच्याकडे घाटात हिवाळ्यात पहाटे पहिल्या फेरीच्या गाड्यांखाली वाकून बघायची माझी सवय त्यातूनच लागली.

बर्फातला_बंड्या | २१ जानेवारी, सकाळी ९:३०

इथे सुट्या भागांच्या दुकानात अनामत ठेवून दोन्ही उपकरणं उसनी मिळतात, परत केली की पैसे परत. काल संध्याकाळी निळं औषध निळंच राहिलं. शंकासूर, माफ करा, गाडी विकत नाही. मग उतावीळपणे गरम गाडीवरच दाब भरून पाहिला. वीस मिनिटं काटा ढिम्म. काका चुकले असं मनात आलं, लिहिणार नव्हतो, पण लिहितो.

आज सकाळी साडेसहाला, उणे १९ मध्ये, परत भरला. दहा मिनिटांत काटा १५ वरून ९ वर. बॅटरी घेऊन पट्ट्याच्या बाजूने वाकलो तर पंपाच्या कप्पीमागे एक बारीक भोक, त्याखाली गुलाबी-पांढरी पापडी जमलेली आणि तिच्यावरून एक थेंब ओघळत होता. खाली प्लॅस्टिकचा पाटा आहे, त्यावर सगळं साचून वाळायचं. म्हणून ड्राइव्हवे स्वच्छ.

निवृत्त_यांत्रिक | २१ जानेवारी, सकाळी ९:४५

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, बुजवू नका. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं म्हणून. पंप बदला. त्यासोबत थर्मोस्टॅटही बदला, पाणी उपसलेलंच आहे. पट्टा बघा. जुना पंप फेकू नका, पात्यांचा फोटो टाका.

बर्फातला_बंड्या | २५ जानेवारी, दुपारी ४:१५

झालं. स्वतः करण्याचं धाडस झालं नाही, मित्राच्या ओळखीच्या एका मेक्सिकन मेकॅनिकने त्याच्या गॅरेजात तीन तासांत केलं. पंप, थर्मोस्टॅट, नवं कूलंट, मजुरी मिळून ३६० डॉलर. त्याला इंग्रजी कमी, मला स्पॅनिश शून्य, पण "एअर" हा शब्द त्याने मेस्त्रींसारखाच उच्चारला.

फोटो टाकलाय. पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या, गंज चढलेला, एक पातं अर्ध्यावर आलंय. घातांकसाहेब, तुमची शंकाही खरी निघाली. आधीच्या मालकाला विचारलं. तो दोन उन्हाळे नळाचं पाणी भरत होता म्हणे, "कूलंट महाग पडतं".

आज सिग्नलला ५१ अंश. दोन मिनिटं थांबूनही ५१.

घातांक | २५ जानेवारी, दुपारी ४:४०

तरीच. सील गेलं म्हणून हवा आत आली, आणि पाती झिजली म्हणून ती रेटली जात नव्हती. दोन्ही एकाच पंपात.

निवृत्त_यांत्रिक | २५ जानेवारी, सायंकाळी ५:०५

फोटो पाहिला. छान झिजलाय. आठवड्याने गार गाडीवर पातळी परत बघा. एअर थोडा उरलेला असतो, तो निघाला की थोडं भरावं लागेल, घाबरू नका.

पुणेरी_टोपण | २५ जानेवारी, सायंकाळी ५:३०

सगळं ठीक. ते पाकाचं थर्मामीटर परत जागेवर ठेवलं का?

बर्फातला_बंड्या | २५ जानेवारी, सायंकाळी ५:३३

नाही. अजून गाडीच्या कप्प्यातच आहे. यंदा वड्या दगड झाल्या, हळदीकुंकवात दोघींनी चिक्की म्हणून कौतुक केलं. घरी गुळाला दोष दिला जातोय आणि मी मान डोलावतोय.